बॉलरूमची स्पर्धा पाहायला जाताय? मग सकाळच्या फेऱ्या चुकवू नका

प्रश्न असा आहे. गंगापूर रोडवरच्या पाच मैत्रिणी, रोज सकाळी एकत्र झुंबा करणाऱ्या. त्यांतल्या एकीची भाची मुंबईत बॉलरूम नृत्याच्या स्पर्धेत उतरते आहे आणि पाचही जणी तिला पाहायला जाणार आहेत. वॉल्ट्झ कुठला आणि टँगो कुठला हे एकीलाही धड सांगता येत नाही. तिकीट दिवसभराचं घ्यावं की फक्त संध्याकाळच्या फायनलचं? बसायचं कुठे, बघायचं काय, काय घालायचं, आणि आरडाओरडा केला तर चालतो का?

मी नाशिकमध्ये बॉलरूम आणि लॅटिन शिकवते. पूर्वी स्पर्धेत नाचायचे. आता स्पर्धेला गेले की बहुतेक वेळा टेबलामागे बसून परीक्षकांच्या पत्रकांची बेरीज करायचं काम माझ्याकडे येतं. तेव्हा उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

तिकिटाचं आधी. दिवसभराचंच घ्या. फायनलला साधारण सहा जोड्या उरतात आणि सहाही चांगल्या असतात. नवख्या डोळ्याला त्या सगळ्या सारख्याच दिसतात. सकाळच्या पहिल्या फेरीत कच्च्या आणि पक्क्या जोड्या एकाच फ्लोअरवर शेजारी शेजारी नाचतात. चांगलं काय आणि ओढूनताणून काय, हे तिथे न सांगता दिसतं. फक्त फायनल पाहून आलेले लोक घरी येऊन कपड्यांचं वर्णन करतात, नाचाबद्दल त्यांना काही सांगता येत नाही.

टीव्हीवरचे डान्स शो डोक्यातून काढून टाका. तिथे एकच जोडी असते, तिचं ठरलेलं गाणं असतं, मागे दिवे आणि धूर. इथे एका वेळी दहा-बारा जोड्या फ्लोअरवर असतात आणि गाणं कुठलं लागणार हे कुणालाच माहीत नसतं. नृत्यप्रकार माहीत असतो आणि लय माहीत असते, बस्स. वॉल्ट्झची तीन मात्रांची २८ ते ३० आवर्तनं मिनिटाला, क्विकस्टेपची चार मात्रांची ५० ते ५२. या चौकटीत जे वाजेल त्यावर आपला बसवलेला नाच बसवायचा. जोडीदाराला उचलून गरगर फिरवणं वगैरे तर अजिबात चालत नाही, लिफ्टला या नृत्यांत बंदी आहे.

नृत्यं दहा, त्यांचे गट दोन. स्टँडर्ड गटात वॉल्ट्झ, टँगो, व्हिएनीज वॉल्ट्झ, स्लो फॉक्सट्रॉट आणि क्विकस्टेप. लॅटिन गटात सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह. प्रत्येक फेरीत ती याच क्रमाने होतात, म्हणून हा क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, निवेदक काय बोलला ते ऐकू नाही आलं तरी अडणार नाही. नवशिक्यांच्या विभागांत पाचऐवजी दोन-तीनच नृत्यं ठेवतात. झुंबामध्ये तुम्ही सालसा करत असाल, तो या दहांत नाही. स्टँडर्डमध्ये जोडी पहिल्यापासून शेवटपर्यंत होल्डमध्ये, म्हणजे एकमेकांना धरलेल्या ठरावीक स्थितीत, राहते आणि सगळ्या फ्लोअरभर, घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. लॅटिनमध्ये जोडी सुटते, जुळते. सांबा आणि पासो फ्लोअरभर फिरतात, बाकीची तिन्ही बरीचशी जागच्या जागी.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पाच जणी आहात हे फार बरं झालं. परीक्षकांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे बहुमत निघतं. तुम्ही आपलं पाच जणींचं परीक्षक मंडळ करा. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा स्पर्धा दाखवायला नेते तेव्हा हेच करायला लावते, आणि एकट्याने स्पर्धा बघायला गेलेल्याला जे वर्षभरात कळत नाही ते यांना दुपारपर्यंत कळतं.

करायचं असं. प्रत्येकीकडे वही-पेन. पुरुषाच्या पाठीवर सेफ्टी पिनांनी लावलेला नंबर असतो, फेरी सुरू होताना ते नंबर उतरवून घ्या. समजा २४ जोड्या आहेत आणि त्यांतल्या १२ पुढच्या फेरीत घ्यायच्या आहेत. मग १२-१२ च्या दोन हीट, म्हणजे एकीनंतर एक नाचणाऱ्या तुकड्या, होतील. प्रत्येक नृत्यात, दोन्ही हीट मिळून, बरोबर १२ नंबरांपुढे फुली मारायची, एकही कमी-जास्त नाही. गुण नाहीत, शेरे नाहीत, नुसती फुली. नृत्य दीड-दोन मिनिटं चालतं. हिशेब करा, एका जोडीच्या वाट्याला तुमचे सात-आठ सेकंद येतात. खऱ्या परीक्षकालाही तेवढेच मिळतात. आणि एकमेकींच्या वहीत डोकावायचं नाही, परीक्षकांनाही आपसांत बोलायची मुभा नसते. पाच नृत्यं आणि पाच परीक्षक म्हणजे एका जोडीला जास्तीत जास्त २५ फुल्या. सगळ्या फुल्यांची बेरीज करून वरच्या १२ जोड्या काढा आणि मग निवेदक पुढच्या फेरीचे नंबर वाचतो त्याच्याशी ताडून बघा. पहिल्या फेरीत बारातले आठ-नऊ जुळले तरी खूश व्हा.

फायनलची पद्धत वेगळी. तिथे प्रत्येक परीक्षक प्रत्येक नृत्यात सहाही जोड्यांना १ ते ६ क्रमांक देतो. यातली गंमत तुमच्या पाच जणींवरच सांगते. दोघींनी पहिला क्रमांक एका जोडीला दिला, दुसऱ्या दोघींनी दुसऱ्या जोडीला, आणि पाचवीने तिसऱ्याच एका जोडीला. पण बाकीच्या चौघींपैकी तिघींनी या तिसऱ्या जोडीला दुसरा क्रमांक दिलाय, आणि पहिल्या दोन जोड्यांना, ज्यांना त्या आवडल्या नाहीत त्यांनी, पार चौथ्या-पाचव्यावर टाकलंय. जिंकलं कोण? तिसरी जोडी. पाचांत बहुमत तिघींचं. पहिल्या क्रमांकावर कुणालाच तीन मतं नाहीत, म्हणून 'दुसरा किंवा त्याहून वरचा' मोजायचा, आणि तिथे तिसऱ्या जोडीकडे चार मतं आहेत. सरासरी काढत नाहीत, बहुमत बघतात. या पद्धतीला स्केटिंग सिस्टिम म्हणतात. निकाल लागला की प्रेक्षकांत नेहमी एक हाकाटी होते, 'अहो, सगळ्यांत भारी तर ते होते!' बहुतेकदा ते असे दोघांना फार आवडलेले आणि तिघांना न पटलेले असतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आता तंत्र, संगीताशी मेळ, जोडीदारांतला संवाद आणि रचना-सादरीकरण अशा चार बाबींवर वेगळे गुण देण्याची पद्धतही आहे, पण तुम्हाला बघायला मिळेल ती फुल्यांचीच असण्याची शक्यता जास्त.

सात सेकंदांत बघायचं काय? पायांकडे बघू नका, निदान आधी नको. नवखे प्रेक्षक पायांकडे बघतात आणि हरवतात. आधी कान. जोडी तालात आहे का? तालाबाहेरच्या जोडीचं बाकी सगळं सुंदर असलं तरी फुली नाही. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या कानाला सम शोधायला शिकवावं लागत नाही, तेव्हा ही परीक्षा तुम्हाला सोपी जाईल. त्यासाठी रुंबा पकडा. रुंबा संथ असतो, चार मात्रांची २५ ते २७ आवर्तनं मिनिटाला, चोरायला जागाच नाही. मनात एक-दोन-तीन-चार मोजा. पक्की जोडी पाऊल टाकते दोनवर, तीनवर आणि चारवर. एकवर पाऊल पडत नाही. चारवर टाकलेल्या पायावर वजन पुरतं उतरतं, गुडघा सरळ होतो आणि कंबर आपोआप त्या बाजूला जाऊन बसते. कच्ची जोडी त्या एकच्या रिकाम्या जागेला घाबरते आणि घाईघाईने पाऊल उचलून मोकळी होते. मग कंबर हलत नाही म्हणून ती मुद्दाम हलवावी लागते, आणि मुद्दाम हलवलेली कंबर बाल्कनीतूनही ओळखू येते. हे एकदा दिसलं की लॅटिन निम्मं कळलं म्हणून समजा.

कानानंतर खांदे. स्टँडर्डमध्ये दोघांच्या कोपरांपासून कोपरांपर्यंत एक चौकट तयार होते. खाली पाय काहीही करोत, ती चौकट हलता कामा नये. पुरुषाचा उजवा कोपर खाली पडतोय, बाईचं डोकं पुढे येऊन त्याच्या खांद्यावर टेकू पाहतंय, वळताना दोघं एकमेकांना ओढतायत, असं दिसलं की पुढचा नंबर बघा. पाय सगळ्यांत शेवटी.

व्हिएनीज वॉल्ट्झला तुमची वही सगळ्यांत जास्त उपयोगी पडेल. मिनिटाला ६० आवर्तनांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला तीन पावलं. एवढ्या वेगात फारशा करामती करता येत नाहीत. उजवी गिरकी, डावी गिरकी, मध्ये जागच्या जागी फिरणं, संपलं. सगळे तेच करतात, त्यामुळे तुलना आयती होते. डावी गिरकी बघा. उजवीत सगळे तरून जातात, डावीत उघडे पडतात.

फॉक्सट्रॉट तुम्हाला कंटाळवाणा वाटेल. पाचही जणी त्या वेळी चहाला उठाल, मला खात्री आहे. उठू नका. उडी नाही, झटका नाही, नुसतं वाहत जाणं, आणि माझ्या मते दहांतलं हेच सगळ्यांत अवघड. वॉल्ट्झमध्ये तिसऱ्या मात्रेला पाय जुळतात, श्वास घ्यायला क्षणभर मिळतो. फॉक्सट्रॉटमध्ये पाय जुळायच्या ऐवजी एकमेकांवरून पुढे निघून जातात, थांबायला ठिकाणच नाही. कमी तयारीची जोडी दर तीन पावलांनी कळेल न कळेल अशी अडखळते. चांगली जोडी कुठे थांबली हे शोधूनही सापडत नाही.

टँगोत वर-खाली होणं नाही, डोकं सपाट पातळीत राहतं आणि मध्येच मानेला झटका बसतो. पासो दोब्लेला एक ठरलेली स्पॅनिश धून बहुधा वाजते. तिच्यात ठरावीक जागी संगीत चढत जाऊन थांबतं आणि अख्ख्या फ्लोअरवरच्या जोड्या त्याच क्षणी पोझ घेऊन गोठतात. त्या जागा सगळ्यांनी आधीच बसवलेल्या असतात. एखादी जोडी अर्धा क्षण उशिरा गोठली तर सगळ्या हॉलला कळतं. सांबा आणि चा-चा-चा तुम्हाला शिकवायची गरज नाही, झुंबामुळे अंगात आहेत. जाइव्ह शेवटी असतो आणि चार नृत्यांनंतर पाय संपलेले असतात, त्यामुळे तिथे दम कुणात उरलाय एवढंच बघितलं तरी चालेल.

बसायच्या जागेबद्दल. सकाळी वर बसा, संध्याकाळी खाली या. बाल्कनी असेल तर पहिल्या फेऱ्या तिथूनच बघा, कारण गर्दीतून वाट काढणं हा स्पर्धेचा अर्धा भाग आहे आणि तो खालून दिसत नाही. बाल्कनी नसेल तर लांब बाजूला, कोपऱ्याच्या जवळ, दुसरी-तिसरी रांग. कोपऱ्यात कोंडी होते. सगळ्या जोड्या एकाच दिशेने येत असतात, पुढची जोडी वळायला वेळ लावते आणि मागून दोन जोड्या येऊन थडकतात. अशा वेळी पुरुष काय करतो ते बघा. त्याला पुढे जागा दिसत नाही. बाई तर पाठमोरी जात असते, तिला काहीच दिसत नाही. अनुभवी पुरुष वळायच्या आधीच छाती किंचित डावीकडे उघडतो, तिला एका लांब रेषेत तिरकी झुकवतो आणि दोन आवर्तनं तिथेच धरून ठेवतो. ती मान मागे टाकून पाठ लांबवते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, त्यांना वाटतं पोझ बसवलेली आहे. वाट मोकळी झाली की तो वजन दुसऱ्या पायावर घेतो आणि दोघं निघतात. पोझ बसवलेली नव्हती, समोर रस्ता बंद होता. नवखी जोडी अशा जागी हात सोडते, हसते, 'सॉरी' म्हणते, आणि पुन्हा ताल पकडेपर्यंत परीक्षकाचे सात सेकंद गेलेले असतात.

पहिल्या रांगेत बसलात तर पाय आत घ्या आणि पर्स खुर्चीखाली ठेवा. नृत्य चालू असताना फ्लोअरच्या कडेने ये-जा नाही. आणि चिवड्याचा डबा तिथे उघडू नका! हे मी गमतीने सांगत नाही. नाचाच्या बुटांचा तळ मऊ स्वेडचा असतो. जोड्या फ्लोअरवर जायच्या आधी कडेला उभं राहून तारेच्या छोट्या ब्रशने तो तळ खरवडतात, म्हणजे पकड येते. पुरुषांचे चकचकीत पेटंट लेदरचे बूट एकमेकांना घासून चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या कडांना व्हॅसलीनही लावतात. एवढ्या निगुतीने तयार केलेल्या तळाखाली एक शेंगदाणा किंवा पाण्याचा थेंब आला की काय होईल याचा विचार करा. ब्रशिंग चालू असताना पुरुषांच्या कोटाकडेही बघून घ्या. हात खाली असताना तो खांद्यावर विचित्र, वर आल्यासारखा दिसतो. शिलाई चुकलेली नसते. हात होल्डमध्ये वर उचललेले आहेत असं धरूनच कोट बेततात.

ओरडायचं का? जरूर ओरडा. आपला नाशिकचा प्रेक्षक कालिदास कलामंदिरात नाटकं बघून तयार झालेला. मोबाईल वाजला तरी मागे वळून डोळे वटारणारा, टाळी प्रवेश संपल्यावर. इथे ती शिस्त नको. नाचताना टाळ्या वाजवतात, तालावर ठेका धरतात आणि जोडीचा नंबर मोठ्याने ओरडतात. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला १९२०पासून नृत्यमहोत्सव भरतो, या खेळाची पंढरीच म्हणा. तिथल्या एम्प्रेस बॉलरूममध्येही प्रेक्षक नंबरच पुकारतात. तेव्हा भाचीचं नाव नका घेऊ, नंबर घ्या, आणि ती तुमच्या बाजूला वळेल तेव्हा घ्या. फक्त तिच्यासाठी ओरडून बाकीच्यांना थंड बसलात तर शेजारच्या रांगेतल्या आया बघून घेतील. फ्लॅश मात्र बंद, आणि व्हिडिओ काढायची परवानगी आहे का ते दाराशीच विचारा.

कपड्यांचं फार डोक्यात घेऊ नका. सकाळी साधे चालतात, संध्याकाळी जरा नटून जावं असा शिरस्ता आहे, साडी उत्तम. तिकिटावर काही लिहिलं असेल तर तेवढं पाळा. एसी जोरात असतो, पाच जणींत निदान तीन शाली हव्यात. एक जोड सपाट, न घसरणाऱ्या बुटांचा जवळ ठेवा. काही स्पर्धांत मधल्या वेळात फ्लोअर प्रेक्षकांसाठी खुला करतात. तसं पुकारलं तर लाजू नका, पुरुष नसले तरी काही बिघडत नाही, एकमेकींना धरा. घड्याळाच्या उलट दिशेने जायचं आणि येत नसेल तर कडा सोडून मधोमध राहायचं, एवढे दोन नियम.

भाचीबद्दल. फेऱ्यांच्या मध्ये तिला भेटायला पाच जणींनी धावू नका. तिला श्वास घ्यायचाय, बूट खरवडायचेत, कदाचित ड्रेस बदलायचाय. एकीने जायचं, पाणी, केळं आणि सेफ्टी पिना द्यायच्या आणि परत यायचं. मिठी तर संध्याकाळपर्यंत मुळीच नको; केसांना अर्धी बाटली जेल असते आणि चेहऱ्यावर मेकअपचा थर, तो तुमच्या साडीवर येईल आणि तिला पुन्हा आरशासमोर बसावं लागेल. परीक्षकांकडे जाऊन 'आमची कशी झाली हो?' असं विचारायचं नाही. यात तिचंच नुकसान आहे.

ती दुसऱ्या फेरीत बाद झाली तर, हेही गृहीत धरा, लगेच 'अन्याय झाला' म्हणू नका. तुमच्याकडे वह्या आहेत. निकालानंतर बहुतेक ठिकाणी कुणी किती फुल्या दिल्या ते पत्रक लावतात किंवा ऑनलाइन टाकतात. ते घ्या आणि तिच्याबरोबर बसून बघा. टँगोत पाचपैकी चार फुल्या आणि फॉक्सट्रॉटमध्ये शून्य असेल तर तिच्या शिक्षकाला पुढचे सहा महिने काय करायचं ते आपोआप कळतं. आणि मग तिला कपडे बदलून तुमच्यात फायनलला बसवा. स्वतः नुकतंच नाचून आलेल्या मुलीइतकं चांगलं समालोचन तुम्हाला दुसरं कुठे मिळणार नाही. फक्त तिला क्रमांक आधी लिहायला लावा आणि मग बोलू द्या, नाहीतर पाचही वह्यांत तिचेच क्रमांक उतरतील.

राहिला प्रवास. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस जाण्यासाठी चांगली, पण परतीची पंचवटी धरायची तर फायनलच्या आधीच उठावं लागेल, कारण या स्पर्धा वेळेवर संपत नाहीत. वेळापत्रकात फायनल आठला लिहिली असेल तर साडेनऊ धरा, आणि बक्षीस समारंभ त्याच्या पुढे. म्हणून एकतर मुंबईत कुणाकडे तरी मुक्काम करा, किंवा ड्रायव्हरसकट गाडी करून जा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून रात्री कसारा घाटात ट्रकांच्या मागे रांगेत राहायची वेळ येत नाही. ड्रायव्हर मात्र हवाच, कारण परतताना पाचही जणींचं लक्ष वह्यांत असणार.